जड हात आणि फुलांचं घड्याळ

शिवणगृहाच्या हॉलमध्ये त्या दुपारी मुंगीला शिरायला जागा नव्हती. एरवी तिथे शिलाई मशिनींचा खडखडाट आणि त्यावर आवाज चढवून मारलेल्या गप्पा, दुसरं काही नाही. आज मशिनी गप्प होत्या आणि बायका टाचा उंचावून एकाच दिशेला बघत होत्या. शेजारच्या गल्लीतूनही लोक आले होते, कुणी कडेवर पोर घेऊन, कुणी भाजीची पिशवी तशीच हातात धरून. कोपऱ्यात काचेचं पार्टिशन घालून कॉम्प्युटरची खोली केलेली होती. तिचं दार सताड उघडं होतं आणि आत गतिगुरू उभे होते.

गतिगुरू म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे दाढी आणि जटा आल्या असतील तर त्या पुसून टाका. हे गृहस्थ कडक इस्त्रीचा शर्ट घालायचे, खिशाला दोन पेनं, पायात चकचकीत बूट. परवापरवापर्यंत ते दारोदार पाणी शुद्ध करायची यंत्रं विकायचे, असं इस्त्रीवाले मामा सांगत. आता ते यंत्रंच शुद्ध करायचे.

"यंत्र म्हणजे नुसता पत्रा नव्हे, ताई!" गतिगुरू घुमवून सांगत होते. "यंत्राला स्पंदनं असतात. त्या स्पंदनांवर माणसाच्या वाईट लहरींचा थर बसतो. हा थर डॉक्टरला दिसत नाही, इंजिनिअरला दिसत नाही."

"मग तुम्हाला कसा दिसतो?" मागून इस्त्रीवाल्या मामांनी विचारलं.

"मला दिसत नाही, मला जाणवतो," गतिगुरू म्हणाले. बायकांनी वळून मामांकडेच डोळे वटारले. हे नेहमीचंच आहे. प्रश्न विचारणाऱ्याला डोळे, आणि उत्तर टाळणाऱ्याला टाळ्या.

मग चमत्कार सुरू झाला. कपड्यांचे नमुने आखायचा जो प्रोग्राम होता, तो गतिगुरूंनी पडद्यावर उघडायला घेतला. पडद्यावर एक छोटं चक्र गरगर फिरू लागलं. फिरतंय, फिरतंय, आपलं फिरतंयच. कडेवरचं पोर कंटाळून आईच्या केसांशी खेळायला लागलं. अखेर एकदाचा प्रोग्राम उघडला.

"बघितलात थर?" गतिगुरूंनी प्रोग्राम बंद केला. खिशातून तांब्याची पट्टी काढली, कॉम्प्युटरच्या डब्यावर ठेवली, डोळे मिटले आणि नाकातून लांबलचक गुणगुणले. भुंगा बाटलीत अडकावा तसा आवाज. मग डोळे उघडून त्यांनी पुन्हा तेच बटण दाबलं.

प्रोग्राम टुणकन समोर! चक्राला फिरायची संधीच मिळाली नाही.

"अगं बाई!" कुणीतरी ओरडलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. दुसऱ्या कॉम्प्युटरवर तेच, तिसऱ्यावर तेच. शिवणगृहाच्या प्रमुख मोठ्या बाई, ज्यांच्यापुढे कापडाचे व्यापारीसुद्धा दबकून बोलत, त्यांनी हात जोडले. "दिवस मावळेपर्यंत मशीन बंद करू नका," गतिगुरू म्हणाले. "बंद केलंत की शक्ती उतरली. मग पुन्हा शुद्धी करावी लागेल."

दाराजवळच्या बुटक्या स्टुलावर एक बाई हे सगळं बघत बसली होती. मांडीवर तयार कुडत्यांचा ढीग, हातात छोटी कात्री. कुडत्यांचे सुटे दोरे कापत बसायचं, एवढंच काम आता तिच्याकडे ठेवलं होतं. तिला सगळे मास्तरीण म्हणत, कारण ती आधी शाळेत गणित शिकवायची. शाळा बंद पडल्यावर ती इथे कॉम्प्युटरवर नमुने आखायला आली. आणि पंधरवड्यापूर्वी तिला त्या काचेच्या खोलीतून बाहेर काढलं.

कसं काढलं तेही ऐका. गतिगुरू पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी विचारलं, "हे मंदपण यंत्रांना कधीपासून?" कुणीतरी म्हणालं, सात-आठ महिने झाले असतील. "आणि त्या सुमारास या वास्तूत नवीन पाऊल कुणाचं पडलं?" एकेक मान मास्तरणीकडे वळली. "मी कुणाचं नाव घेतलेलं नाही हं," गतिगुरू हळूच म्हणाले. "पण काही हात जड असतात. बिचाऱ्यांचा दोष नसतो."

झालं! तुम्हीच प्रश्नाचं उत्तर द्यायचं, आणि त्यांनी ते तांब्याच्या पट्टीत गुंडाळून तुम्हालाच परत करायचं. पण हे त्या क्षणी कुणाच्या ध्यानात येतं? दुसऱ्या दिवसापासून मास्तरणीने हात लावलेला कापडाचा गठ्ठा कुणी घेईना. तिने पुढे केलेला चहाचा कप बायका "नको, आत्ताच झाला" म्हणून टाळायला लागल्या. घराशेजारची एक पोरगी तिच्याकडे गणित शिकायला यायची, तिच्या आईने निरोप धाडला की परीक्षेपर्यंत नको.

सगळ्यांत जास्त लागलं ते नणंदेचं बोलणं. नणंद इथली कापणारी, हाताला सफाई अशी की कापडाची चिंधी वाया जायची नाही. भावाच्या बायकोला इथे चिकटवलं तेही तिनेच. ती एक दिवस जिन्यात गाठून म्हणाली, "वहिनी, थोडे दिवस लांब राहा ना त्या मशिनींपासून. मलाही इथे तोंड दाखवायचंय."

"तुलाही तसंच वाटतं?"

"मला काही वाटत नाही गं. पण... शाळाही बंद पडलीच ना."

मास्तरीण जिन्यातच उभी राहिली. शाळा बंद पडली कारण वस्तीतली मुलंच दुसरीकडे गेली होती. शेवटच्या वर्षी तिच्या वर्गात इतकी कमी मुलं होती की ती सगळी एकाच बाकावर दाटीने बसायची, म्हणायची, बाई, असं बसलं की वर्ग भरल्यासारखा वाटतो. त्या शाळेसाठी ती रडली होती. आणि आता घरचं माणूस म्हणत होतं की ती हिच्या हाताने बुडाली. राग असा आला की डोळ्यांत पाणी यायलासुद्धा जागा उरली नाही.

गतिगुरूंनी आता शेवटची अट घातली होती. शुद्धी कायमची टिकायची तर जड हात वास्तूतूनच जायला हवा. मोठ्या बाईंनी मान डोलावली होती. आज शेवटची महाशुद्धी, आणि आजच मास्तरणीचा शेवटचा दिवस. काम जाणारच होतं, पण काम काय, कुठेतरी मिळालं असतं. हा शिक्का मात्र ती जाईल तिथे तिच्याआधी पोचला असता.

पण बाई गणिताची होती. स्टुलावर बसून बसून तिने एक गोष्ट हेरली होती. गतिगुरू दर वेळी आधी प्रोग्राम उघडायचे, बंद करायचे, मग मंत्र, मग पुन्हा उघडायचे. हा क्रम ते एकदाही मोडत नव्हते. आणि काल इस्त्रीचा बॉयलर आणि सगळे कॉम्प्युटर एकदम चालू राहिल्याने फ्यूज उडाला, सगळं बंद पडलं. वीज आल्यावर शुद्ध झालेली यंत्रं पुन्हा जशीच्या तशी मंद! गतिगुरू म्हणाले, तिची सावली पडली. सावली? ती तेव्हा हॉलच्या पार दुसऱ्या टोकाला होती.

म्हणून आज जेवणाच्या सुट्टीत, सगळ्या बायका डबे उघडून बसलेल्या असताना, ती गुपचूप त्या खोलीत जाऊन आली होती. आली ती हसतच आली. मामांनी ते बघितलं, पण विचारलं नाही.

"आता चौथं यंत्र," गतिगुरूंनी बाह्या सारल्या.

"चौथं मी करते."

आवाज दाराजवळून आला होता. मास्तरीण उठली, मांडीवरचे दोरे झटकले आणि सरळ चालत काचेच्या खोलीत शिरली. लोक बाजूला झाले, काही जणी जरा जास्तच बाजूला झाल्या.

"अगं ए, वेडी झालीस का?" मोठ्या बाई उसळल्या. "हात नको लावूस!"

"का नको? आज शेवटचाच दिवस ना माझा? या जड हाताने तुमचं काय बिघडतं ते सगळ्यांसमोर बिघडू दे. बिघडलं तर मी स्वतःच्या पायाने निघून जाईन, कुणी धक्का द्यायची गरज नाही."

"हात दाखवून अवलक्षण करून घ्यायचं असेल तर घेऊ दे," गतिगुरू हसून म्हणाले. चुकलंच त्यांचं.

तिने चौथा कॉम्प्युटर चालू केला, नमुन्यांचा प्रोग्राम उघडला. चक्र गरगर फिरलं. "बघा!" गतिगुरू बोट नाचवून म्हणाले. तिने लक्ष दिलं नाही. प्रोग्राम उघडला, तिने तो बंद केला. मग डब्यावर पट्टीच्या जागी आपली दोरे कापायची कात्री ठेवली, डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "बे एके बे, बे दुणे चार, बे त्रिक सहा, बे चोक आठ!" आणि बटण दाबलं.

प्रोग्राम टुणकन समोर.

 मग मामा मागून ओरडले, "घ्या! बेचा पाढासुद्धा सिद्ध निघाला!" आणि हॉलमध्ये हशा पिकला.

"थांबा, थांबा!" गतिगुरूंचा आवाज चढला. "या खोलीत माझी ऊर्जा भरलेली आहे. तिने चाललं ते!"

"वा, फारच छान," मास्तरीण म्हणाली. "मग ऊर्जा भरलेल्या खोलीत आता तुम्ही करा. हे मशीन मी बंद करून पुन्हा चालू करते. बदल एकच. आधी उघडून दाखवायचं नाही. पट्टी ठेवा, मंत्र म्हणा आणि मग पहिल्यांदाच उघडा."

"तसं विधीत बसत नाही."

"का नाही बसत?"

"यंत्राला आधी जाग यावी लागते!"

"म्हणजे जाग पहिल्यांदा उघडल्याने येते. मग मंत्राचं काम काय राहिलं?"

गतिगुरूंनी मोठ्या बाईंकडे बघितलं. मोठ्या बाईंना हातचा निर्णय हातातून निसटलेला आवडत नसे, पण कापड तपासून घेण्यात त्यांचा जन्म गेला होता. दोन्ही बाजू बघितल्याशिवाय त्यांनी कधी एक वार घेतला नव्हता. "करा ना," त्या तुटकपणे म्हणाल्या. "खरं असेल तर भ्यायचं काय?"

झाकली मूठ आता उघडावीच लागणार होती. गतिगुरूंनी पट्टी ठेवली. या वेळी गुणगुणणं लांबलं. कानशिलावरून घाम ओघळला तरी संपेना. शेवटी श्वासच संपला तेव्हा त्यांनी बटण दाबलं, आणि चक्र फिरू लागलं. गरगर, गरगर.

"आई, अजून फिलतंय," कडेवरचं पोर म्हणालं.

"इथे अविश्वास आहे!" गतिगुरू कडाडले. "अविश्वासाने शक्ती अडते!"

"असं?" मास्तरीण त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "डोक्यावरचा पंखा अविश्वासाने थांबला का? शिलाई मशीनवर विश्वास न ठेवता पाय मारला तर टाका पडत नाही का? मामा, तुमची इस्त्री अविश्वासाने गार होते?"

"हात लावून बघा म्हणावं," मामा म्हणाले.

मग ती बायकांकडे वळली. पंधरा दिवसांनी पहिल्यांदा त्या सगळ्या सरळ तिच्या डोळ्यांत बघत होत्या. "तुम्ही घरी शिवायला बसता तेव्हा काय करता? कपाटातून कापड काढता, दोरा, बॉबिन, कात्री, टेप, सगळं शोधून टेबलावर मांडता. वेळ त्यात जातो. मग दुसरा कपडा शिवायला घेतला की लगेच सुरू, कारण सामान टेबलावरच असतं. कॉम्प्युटरचंही तेच, आज जेवणाच्या सुट्टीत मी करून बघितलं. पहिल्यांदा उघडताना तो प्रोग्रामला लागणारं सगळं सामान डिस्कमधून शोधून आणतो. प्रोग्राम बंद केला तरी सामान मेमरीत, म्हणजे टेबलावर, तसंच राहतं. दुसऱ्यांदा उघडला की हात घातला आणि मिळालं! मशीन बंद केलं की टेबल साफ. म्हणून तर हे म्हणत होते, बंद करू नका, शक्ती उतरेल."

"मग आम्हाला हे कधी दिसलं कसं नाही?" एकीने विचारलं.

"कारण आपल्याकडे नियम काय आहे? उठलात की बटण बंद. फ्यूज उडू नये म्हणून. दर वेळी आपण चालू करतो, एकदा उघडतो, नमुना काढतो, बंद करतो. दुसऱ्यांदा उघडलेला प्रोग्राम या खोलीत कुणी बघितलाच नव्हता. पहिल्यांदा बघितला तो यांच्या मंत्रानंतर. शाळेच्या कॉम्प्युटरवर माझी मुलं दिवसभर उघडझाप करायची, त्यांनी यांना पाच मिनिटांत पकडलं असतं."

पण मोठ्या बाई अशा सहज पटणाऱ्या नव्हत्या. "एक सांग. तू येण्याआधी पहिल्यांदासुद्धा एवढा वेळ लागत नव्हता. ते खोटं नाही."

"नाही, ते अगदी खरं आहे," मास्तरीण म्हणाली. तिने पडद्याच्या कोपऱ्याकडे बोट केलं. तिथे एक मोठं सुंदर घड्याळ होतं आणि त्याच्याभोवती गुलाबी फुलं संथपणे गळत होती. "बाई, हे घड्याळ कधी आलं?"

 घड्याळ म्हणजे मोठ्या बाईंचं कौतुक होतं. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला त्या ते दाखवत.  मास्तरीण वाट बघत राहिली.

"बाईंच्या जावईबापूंनी बसवलं," गर्दीतून आवाज आला. नणंद होती. ती पुढे आली. "चारही मशिनींवर. वहिनी आली त्याच आठवड्यात. मी होते तेव्हा."

"कावळा बसायला आणि फांदी तुटायला," मामा पुटपुटले.

"हे कॉम्प्युटर म्हातारे आहेत," मास्तरीण म्हणाली. "म्हणून त्यांच्यावर मुद्दाम लिनक्स ही हलकी ऑपरेटिंग सिस्टिम घातलीय, म्हाताऱ्या माणसाला हलकं जेवण द्यावं तसं. हे घड्याळ बनवलंय भल्या मोठ्या, ताकदवान कॉम्प्युटरसाठी. ते एकटं चालत नाही. त्याला फुलं काढायला एक मदतनीस प्रोग्राम लागतो, त्या मदतनिसाला दुसरा, दुसऱ्याला तिसरा. याला डिपेंडन्सी म्हणतात. एका पाहुण्याला जेवायला बोलावलं, आणि तो मेहुणे, साडू, त्यांची पोरं, सगळा गोतावळा घेऊन राहायलाच आला! त्यातला एक तर असा आहे की मशीन चालू झालं रे झालं की घरातली प्रत्येक फाईल उघडून वाचत सुटतो. त्याच वेळी तुम्ही नमुन्यांचा प्रोग्राम उघडता. कपाट एकच, आणि दोघांचे हात एकदम आत. उशीर होणार नाही तर काय होईल?"

"डिपेंडन्सी वाईटच म्हणायची की मग," एक जण म्हणाली.

"वाईट नाही गं. आपल्या नमुन्यांच्या प्रोग्रामलाही मदतनीस लागतातच, पण ते कामाचे. प्रश्न एवढाच, की कशासाठी कोण आलंय आणि घरात जागा किती आहे."

मोठ्या बाईंनी गळणाऱ्या फुलांकडे एकदा बघितलं. "काढ ते," त्या म्हणाल्या.

मास्तरणीने चौथ्या मशीनला घड्याळ काढायला सांगितलं. मशीनने विचारलं, याच्यासोबत आलेलं आणि आता कुणालाच न लागणारं हेही काढू का? खाली नावांची रांगच्या रांग. "एवढे?" नणंद तोंडावर हात ठेवून म्हणाली. मास्तरणीने हो म्हटलं. मग मशीन पूर्ण बंद केलं, पुन्हा चालू केलं, आणि नणंदेला पुढे ओढलं. "तू उघड. पट्टी नाही, पाढा नाही, काही नाही. पहिल्यांदाच."

नणंदेने भीत भीत बटण दाबलं. चक्र एकदोनदा फिरलं आणि प्रोग्राम उघडला. या वेळी टाळ्या वाजल्या नाहीत. बायका एकमेकींकडे बघत होत्या, आणि गेल्या पंधरा दिवसांत कुणीकुणी मास्तरणीचा चहाचा कप टाळला होता ते प्रत्येकीला आठवत होतं.

गतिगुरू एव्हाना दारापर्यंत पोचले होते. "माझी पट्टी?" त्यांनी विचारलं.

"राहू द्या की," मामा म्हणाले. "पंख्याने कागद उडतात, वर ठेवायला होईल."

ते गेल्यावर मोठ्या बाई घसा खाकरून म्हणाल्या, "बरं, झालं गेलं विसरून जाऊ. उद्यापासून तू मशीनवर ये."

"नाही," मास्तरीण म्हणाली.

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या.

"उद्यापासून नाही, आत्तापासून. आणि विसरून नाही जायचं. माझा हात जड आहे हे सगळ्यांसमोर ठरलं होतं ना? मग तो जड नाही हेही सगळ्यांसमोर म्हणा. माझाच नाही, कुणाचाच हात जड नसतो, असं म्हणा. उद्या मी नाही तर दुसरी कुणीतरी नवीन येईल. सुई मोडेल, गिऱ्हाईक फिरकणार नाही, आणि पुन्हा कुणीतरी विचारेल, नवीन पाऊल कुणाचं? त्या वेळी तिच्याकडे बघू नका. विचारणाऱ्याकडे बघा. त्याने आधी काय केलं, नंतर काय केलं, आणि मधला मंत्र गाळला तर काय होतं, एवढं करून बघा. याला शाळा लागत नाही. डोळे लागतात, आणि चारचौघांत तोंड उघडायची हिंमत लागते."

 मोठ्या बाईंना माफी मागायची सवय नव्हती. पण त्यांनी म्हटलं. पहिल्यांदा पुटपुटत म्हटलं, मागच्यांना ऐकू गेलं नाही, म्हणून मामांनी "जरा मोठ्याने!" असं सांगितल्यावर पुन्हा मोठ्याने म्हटलं.

मास्तरीण खुर्चीवर बसली. नणंदेने कापलेल्या कापडाचा गठ्ठा आणून तिच्या दोन्ही हातांत दिला, आणि सोडायच्या आधी ते हात क्षणभर तसेच धरून ठेवले. "चुकलं वहिनी," ती म्हणाली. "हो, चुकलं," मास्तरीण म्हणाली, आणि कामाला लागली.

पुढे काही दिवसांनी हॉलमध्ये एका मशीनची सुई लागोपाठ मोडायला लागली. "आज कुणाचं तोंड बघितलं कोण जाणे," शिवणारी वैतागून म्हणाली. नणंद हातातली कात्री खाली ठेवून उठली, तिच्या मशीनपाशी गेली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तोंड राहू दे. आधी सुई नीट बसलीय का ते बघ."

सुई उलटी बसवलेली होती.